नांदायला नकार देणाऱ्या डॉ. रखमाबाई

स्मरणिका समितीने यंदा महिला विभागासाठी पूर्वीच्या काळातील स्त्रीचे स्थान व तिचे हक्क हा विषय सुचविला. त्यावर मोठे व्याख्यान देण्याइतकी मी विद्वान नाही. माझे सारे आयुष्य वॉर्डात, तेही बहुतेक बाळंतिणींच्या वॉर्डात गेले. म्हणून एका बाईची हकिकत सांगते. त्यातून त्या काळातील बायकांना हक्क किती होते आणि ते कसे मिळाले, हे वाचकांना आपोआप दिसेल.

मुंबईहून आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी डॉ. रखमाबाई हे नाव ऐकले असेल. हिंदुस्थानातील पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक, एवढी त्यांची ओळख असते. परंतु डॉक्टर होण्यापूर्वी चार वर्षे त्यांच्यामागे कोर्टाचे लचांड होते आणि ‘नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन’ अशी भूमिका त्यांनी घेतली होती, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग, आईचे जयंतीबाई. जात सुतार. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी रखमा झाली आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. हे तीन आकडे वाचून पुढे जाणे सोपे आहे, पण माझ्यासारखीला तेथे थांबावे लागते. पंधरा वर्षांच्या मुलीचे बाळंतपण म्हणजे काय, हे मी प्रसूतिगृहात पाहिले आहे. कंबरेची हाडे पुरती रुंदावलेली नसतात, कळा दोन-दोन दिवस चालतात, मूल अडते. आई वाचली तरी कायमची अधू होऊ शकते. आमच्या वेळी निदान सलाईन होते, रक्त होते, सिझेरियन होते. १८६४ साली सुईण आणि देव, एवढेच. आपल्याही घरांत हे घडतच होते. माझी पणजी बाराव्या वर्षी लग्न होऊन पेणकडे सासरी आली आणि तिची पहिली दोन मुले जगली नाहीत, असे आजी सांगत असे.

जयंतीबाईंचे नशीब एवढेच बरे की त्यांच्या जातीत विधवेला पुन्हा लग्न करायला मनाई नव्हती. (आपल्या समाजात मात्र धर्माची काही आडकाठी नसताना, विधवेचे लग्न कमीपणाचे मानण्याची रीत पूर्वी होती. शावूओतला आपण रूथची कथा वाचतो, ती तर दुसरे लग्न केलेल्या विधवेचीच. ही रीत आपण वरच्या जातीच्या शेजाऱ्यांकडून उचलली.) जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे केली आणि काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. ते विधुर होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांत जे दोन हिंदी गृहस्थ होते, त्यांपैकी हे एक. रखमाबाईंना लाभलेला हा सावत्र बाप सख्ख्याहून कमी नव्हता.

तरीसुद्धा अकराव्या वर्षी रखमाचे लग्न झालेच. एवढ्या सुधारक घरात हे कसे झाले, असा प्रश्न आपण आज विचारतो. आजोबा, नातेवाईक, जात या सर्वांपुढे एका डॉक्टरचे किती चालणार? वर दादाजी भिकाजी, वय एकोणीस, सखाराम अर्जुन यांच्या नात्यातलाच. तो घरजावई म्हणून राहील, शिकेल, चांगला माणूस होईल, असे ठरले होते. काही महिन्यांत मुलगी वयात आली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे लगेच गर्भाधानाचा विधी व्हायचा. सखाराम अर्जुन यांनी तो होऊ दिला नाही. एवढ्या लहान शरीरावर त्याचा काय परिणाम होतो हे त्यांना डॉक्टर म्हणून माहीत होते. माझ्या मते रखमाबाईंच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. त्या एका नकारामुळे त्यांना वाढायला दहा वर्षे मिळाली.

दादाजी काही शिकला नाही. शाळा सुटली, संगत बिघडली, तो आपल्या मामाच्या घरी जाऊन राहिला. त्या घराचे नाव चांगले नव्हते. मामाने ठेवलेली बाई तेथेच राहत असे. पुढे दादाजीची प्रकृतीही ढासळली, छातीचा विकार जडला. इकडे रखमा सावत्र वडिलांकडे राहून शिकत होती. शाळा सुटलेली, पण मिशनच्या वाचनालयातून पुस्तके घरी येत. आईबरोबर ती प्रार्थना समाजाच्या सभांना जाई. इंग्रजी तिने जवळजवळ स्वतःच्या बळावर उत्तम केले.

मार्च १८८४ मध्ये दादाजीच्या वकिलांची नोटीस आली : बायकोला नांदायला पाठवा. उत्तर गेले की येणार नाही. मग दावा लागला, ‘दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई’. वैवाहिक हक्क परत मिळावेत असे त्या दाव्याचे कायदेशीर नाव. रखमाबाईंच्या बाजूने मांडलेली कारणे तीन : नवरा पोसू शकत नाही, त्याची प्रकृती ठीक नाही, आणि ज्या घरात तो राहतो ते घर अब्रूदार बाईने राहण्याजोगे नाही. त्याशिवाय एक चौथी गोष्ट होती, तिनेच सगळा गहजब केला. अकरा वर्षांची असताना आपल्याला न विचारता जे लग्न लावले, ते पाळण्याचे बंधन आपल्यावर नाही, असे ही बाई म्हणत होती. त्या काळी असे म्हणणारी बाई म्हणजे आभाळ कोसळल्यासारखेच होते.

दादाजीचीही बाजू होती. त्याने पुढे ती छापून प्रसिद्ध केली. सासू आणि आजेसासरा यांचा मालमत्तेवर डोळा आहे, म्हणून ते मुलीला पाठवीत नाहीत, असे त्याचे म्हणणे. त्यावर रखमाबाईंनीही उत्तर छापले. खरे-खोटे आज कोण सांगणार? पण मुलीच्या नावे मालमत्ता नसती तर दादाजीने इतका खर्च करून हायकोर्ट गाठले असते का, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

याच सुमारास, १८८५ च्या जून आणि सप्टेंबर महिन्यांत, टाइम्स ऑफ इंडियात दोन पत्रे आली, एक बालविवाहावर आणि एक सक्तीच्या वैधव्यावर. खाली नाव नव्हते, नुसते ‘एक हिंदू स्त्री’. ती पत्रे रखमाबाईंचीच होती, हे नंतर सर्वांना कळले. बेहरामजी मलबारी या पारशी गृहस्थांनी वर्षभरापूर्वीच या दोन प्रश्नांना तोंड फोडले होते, पण आजवर सारे पुरुषच बोलत होते. जिच्यावर बेतले होते तीच बोलू लागली, तेव्हा विलायतेपर्यंत ऐकू गेले. दुर्दैव असे की एप्रिल १८८५ मध्येच सखाराम अर्जुन वारले होते. खटला उभा राहिला तेव्हा पाठीशी उभे राहायला ते नव्हते.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. ते निवृत्तीच्या अगदी जवळ आलेले वयस्कर न्यायाधीश होते. नांदायला भाग पाडण्याचा हा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नाहीच, तो इंग्लंडमधील ख्रिस्ती धर्मकोर्टांतून आलेला आहे. आणि तेथेही तो एकत्र राहून मग विभक्त झालेल्या नवराबायकोंसाठी आहे, जी बाई कधी नांदलीच नाही तिला बळजबरीने प्रथमच पाठवण्यासाठी नव्हे, असे त्यांनी दाखवून दिले. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नंतर जे लोक ‘धर्म बुडाला’ म्हणून ओरडत होते, ते परक्या कायद्याच्या बचावासाठी ओरडत होते! खुद्द इंग्लंडात असा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात घालण्याची शिक्षा १८८४ सालीच रद्द झाली होती. मुंबईत मात्र ती कायम होती.

या निकालाने महाराष्ट्र दुभंगला. न्यायमूर्ती रानडे, मलबारी असे सुधारक रखमाबाईंच्या बाजूचे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग तर कोर्टात त्यांचे वकीलच होते. टिळक विरुद्ध बाजूचे. टिळकांबद्दल आपणा सर्वांना आदर आहे, मलाही आहे, पण या प्रकरणात ते चुकले असे म्हणताना मला संकोच वाटत नाही. सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये, हे त्यांचे म्हणणे मला समजते. फक्त त्या घरात बाईही राहते, याचा त्यात विसर पडला होता.

दादाजीने अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालविण्यास सांगितले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याच्या आत नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास.

याच्या बरोबर सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या होत्या. त्यांचे वय अवघे एकवीस. त्यांचेही लग्न नवव्या वर्षी झालेले, पण नवऱ्याने हट्टाने शिकवून अमेरिकेला धाडले. एकीला नवऱ्याने डॉक्टर केले, दुसरी नवऱ्याला नाही म्हणाली म्हणून डॉक्टर झाली. दोघींचेही आयुष्य नवरा कसा निघतो यावरच टांगलेले होते.

रखमाबाईंनी काय केले? तुरुंगात जाईन, पण त्या घरी जाणार नाही, असे कळवले. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. त्यांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. ऑक्सफर्डचे पंडित मॅक्समुल्लर यांनीही त्यांची बाजू घेऊन लिहिले. मुंबईत त्यांच्यासाठी बचाव समिती निघाली.

शेवट कसा झाला, याविषयी एक गोड कथा सर्वत्र सांगितली जाते. व्हिक्टोरिया राणीकडे अर्ज गेला, राणीला दया आली आणि तिने लग्न रद्द केले, अशी ती कथा. मीही पुष्कळ वर्षे हेच ऐकत आले. परंतु अभ्यासकांनी कागदपत्रे पाहून जे लिहिले आहे ते वेगळे आहे. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकूम बजावून घेणार नाही असे मान्य केले. झाले, एवढेच. कोर्टाने सोडवले नाही, राणीनेही नाही. बाईने पैसे मोजून आपली सुटका विकत घेतली. आणि तीही अर्धीच, कारण हिंदू कायद्यात घटस्फोट नव्हता. दादाजीला दुसरे लग्न करायला कायद्याने पूर्ण मोकळीक होती, रखमाबाईंना नव्हती. नांदायचे नाही एवढीच सूट.

इस्राएलमध्ये आपण अगुना हा शब्द ऐकतो. नवरा गेट देत नाही म्हणून वर्षानुवर्षे अडकून पडलेली बाई. गेटच्या बदल्यात घर, पैसे मागणारे नवरेही आपण पाहिले आहेत. म्हणून ही दोन हजारांची गोष्ट आपल्या बायकांना समजावून सांगावी लागत नाही. येथे १९९५ साली कायदा झाला आणि गेट न देणाऱ्या नवऱ्याला तुरुंगात घालण्याचा अधिकार रब्बींच्या कोर्टाला मिळाला. रखमाबाईंच्या मुंबईत तुरुंग बायकोसाठी होता.

आता त्यांच्या डॉक्टरीकडे वळते. मुंबईचे कामा हॉस्पिटल आपल्याला परके नाही. आपल्या कितीतरी जणी तेथे बाळंत झाल्या, कितीतरी तेथे नर्सेस होत्या. आपल्या समाजाच्या डॉ. जेरुशा झिराड १९२८ ते १९४७ तेथे प्रमुख होत्या, हे जुन्या लोकांना आठवत असेल. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे हॉस्पिटल १८८६ साली सुरू झाले. बायकांसाठी, आणि डॉक्टरही बायकाच, हा त्याचा विशेष. तेथे डॉ. एडिथ पीची होत्या. एडिंबरो विद्यापीठात वैद्यकी शिकायला गेलेल्या पहिल्या सात इंग्रज मुलींपैकी त्या एक. त्या मुलींवर तेथे चिखलफेक झाली होती, अक्षरशः. नकाराची किंमत त्यांना ठाऊक होती. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्यास प्रोत्साहन दिले, पैसे जमविण्यास मदत केली. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपये दिले.

१८८९ साली रखमाबाई विलायतेला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये त्या शिकल्या, अंतिम परीक्षा स्कॉटलंडमध्ये दिल्या आणि १८९४ साली ब्रुसेल्सची एम.डी. घेतली. त्या तेथे असतानाच इकडे एक मोठी गोष्ट घडली. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने रक्तस्राव होऊन मेली. कायद्यात वयाची अट दहा होती, त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा आरोपही टिकला नाही. त्या मुलीच्या मरणाने आणि रखमाबाईंच्या खटल्याने जो गदारोळ उठला होता, त्यातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. दहाचे बारा झाले. बारा! वाचकांना हसू येईल किंवा रडू. पण त्या दोन वर्षांसाठी केवढी भांडणे झाली होती.

पहिली स्त्री डॉक्टर कोण, याची चढाओढ मला पसंत नाही. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली १८८६ सालीच डॉक्टर झाल्या आणि त्यांनी प्रत्यक्ष रोगी तपासले. आनंदीबाईंना काम करायला आयुष्यच मिळाले नाही. रखमाबाईंना मिळाले, आणि त्यांनी तब्बल पस्तीस वर्षे काम केले, हे पहिल्या नंबरापेक्षा मला मोठे वाटते.

परत आल्यावर थोडे दिवस कामामध्ये काढून १८९५ साली त्या सुरतेला बायकांच्या हॉस्पिटलात गेल्या. हॉस्पिटल होते, पण बायका येत नव्हत्या. तेथे गेलेले माणूस परत येत नाही, अशी समजूत. बाळंतपणासाठी तर कोणीच येईना. सांगतात की रखमाबाईंनी शेवटी एका गाभण शेळीला हॉस्पिटलात आणले आणि तिचे बाळंतपण तेथे केले. शेळी आणि करडू सुखरूप बाहेर पडलेले पाहून मग बायकांना धीर आला. ज्यांनी खेड्यापाड्यांत काम केले आहे, त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही. बाईला हॉस्पिटलच्या दारातून आत आणणे हे निम्मे काम असते, उरलेले निम्मे औषधाचे. त्यातच १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेग आला. ती वर्षे त्यांनी सुरतेतच काढली. सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले.

१९०४ साली दादाजी वारला. तेव्हापासून रखमाबाई विधवेप्रमाणे पांढरे लुगडे नेसू लागल्या, असे सांगतात. हे वाचून पुष्कळजण बुचकळ्यात पडतात. ज्याच्या घरी एक दिवस गेल्या नाहीत, त्याचे वैधव्य कशाला? कोणी म्हणतात संस्कार, कोणी म्हणतात लोकलाज. मला वाटते, एकट्या राहणाऱ्या डॉक्टरीणबाईला पांढऱ्या लुगड्यात कोणत्याही घराच्या माजघरापर्यंत जाता येई आणि कोणी प्रश्न विचारीत नसे. पण हा माझा तर्क.

सुरतेहून पुढे त्या राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त होऊन मुंबईला परतल्या. काठेवाडात त्यांनी पडद्यातल्या बायका पाहिल्या, उजेड-वारा न मिळाल्याने खंगलेल्या. १९२९ साली पडदा बंद व्हावा म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली. म्हणजे वयाच्या पासष्टीत लेखणी हाती घेतली ती पुन्हा बायकांसाठीच. त्याच वर्षी शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले. जयंतीबाईंचे लग्न ज्या वयात झाले, तेच चौदा.

त्यांनी आपल्या नावापुढे कोणतेच आडनाव लावले नाही, ना बापाचे ना नवऱ्याचे. त्यांच्याविषयी अधिक वाचायचे असेल त्यांनी मोहिनी वर्दे यांचे ‘डॉ. रखमाबाई : एक आर्त’ हे मराठी चरित्र मिळवून वाचावे.

रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत वारल्या. वय नव्वद. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या संसदेने हिंदू विवाह कायदा संमत केला होता. त्यात हिंदू बाईला प्रथमच देशभर घटस्फोटाचा हक्क मिळाला. आणि त्याच कायद्याच्या नवव्या कलमात, नांदायला न येणाऱ्या जोडीदारावर दावा लावण्याची ती जुनी तरतूदही घातली गेली. तुरुंगाची शिक्षा मात्र १९२३ सालीच काढून टाकलेली होती. १९८३ साली आंध्रच्या हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा वैध ठरवले.